कारखानीस काकांची चौकशी

सुचित्रा वैरागडेचा कुणावरही पटकन विश्वास बसत नसे आणि या गोष्टीचा तिला चांगलाच अभिमान होता. कोथिंबिरीची जुडी घेतली तर ती दुकानातच सोडून आतल्या काड्या बघणार. प्लंबर आला तर आधी लायसन्स, मग लायसन्सवरचा फोटो, मग फोटोवरून माणूस. दातांच्या डॉक्टरने दाढ काढायला सांगितली की दुसऱ्या डॉक्टरकडे, आणि दोघांचं एकच मत पडलं की हे एकमेकांना ओळखतात की काय म्हणून तिसऱ्याकडे. न्यू जर्सीत पार्सिपनीतल्या एका इन्शुरन्स कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम सांभाळायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका हुडकण्याचाच तिला पगार मिळायचा. "ऑफिसचं काम घरी आणू नकोस गं," असं तिचा नवरा यतीन म्हणायचा. तो तेव्हा सहा महिन्यांसाठी ॲरिझोनात, चँडलरला एका चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कामावर होता. दोन हजार मैलांवरून असलं बोलायला काय जातंय!

तर अशा बाईच्या एकुलत्या एका मुलीने, चौदा वर्षांच्या सियाने, फेब्रुवारीतल्या एका रविवारी जेवताना सांगितलं की तिला रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीला जायचंय. समोर सावजी मसाल्यातला कोंबडीचा रस्सा होता. सुचित्राचा घास हातातच राहिला.

"शिकार? आपल्यात कुणी झुरळ मारत नाही नीट!"

"आई, वी ईट धिस," सिया रश्श्याकडे बोट दाखवत म्हणाली. "तू ट्रेमध्ये आणतेस, प्लास्टिक काढतेस. मी कधी मरताना बघितलेलं नाही. खायचं असेल तर मला एकदा बघता यायला हवं. नाही जमलं तर मी व्हेज होईन. दॅट्स इट."

सुचित्राने बोलायचं ते बोलून घेतलं, पण पोरगी तिचीच होती. तिने शिकारीचा सेफ्टी कोर्स आधीच ऑनलाइन संपवून परीक्षा दिली होती, पास झाली होती आणि पालकांची सही चँडलरहून आणवली होती. यतीनवर त्या रात्री जी सरबत्ती झाली ती सांगण्यात अर्थ नाही. तो एवढंच म्हणाला, "अगं, करू दे. बंदुकीच्या व्हिडिओ गेम्सपेक्षा बरं. कुणीतरी जाणता माणूस शोध, म्हणजे झालं."

म्हणजे झालं! जसा काही जाणता माणूस इंडियन ग्रोसरीत तिसऱ्या रॅकवर मिळतो. एप्रिलमध्ये मोसमाच्या आधी एक शनिवार फक्त मुलांच्या शिकारीसाठी असतो आणि मुलाबरोबर अनुभवी, लायसन्सवाला मोठा माणूस लागतो. नवशिक्यांना असा माणूस मिळवून देणारा एक क्लब होता. त्यांची यादी सियाने आणली आणि सुचित्राने ती लाल पेन घेऊन वाचायला घेतली.

यादीतला पहिला माणूस फोनवर फार हसला. इतकं हसायला काय झालं, म्हणून तो कटाप. दुसरी एक शाळेतली शिक्षिका होती, बोलायला छान, पण ती दहा मिनिटांत तीनदा "काळजी करू नका" म्हणाली. एकदा म्हटलं तर ठीक आहे. तीनदा म्हणते म्हणजे काळजी करण्यासारखं काहीतरी आहे. तिसऱ्या नावाशी मात्र तिचं पेन थांबलं. मनोहर कारखानीस.

"अरे बाप्पा! आपला माणूस!" ती मोठ्याने म्हणाली. सियाने सुटकेचा श्वास टाकला, पण तो फुकटच. कारण पुढच्याच क्षणी सुचित्राच्या मनात पाल चुकचुकली. आपला माणूस आणि शिकारीच्या क्लबात? पंधरा वर्षं आपण न्यू जर्सीत आहोत, गणपती, दिवाळी, नाटकं, एक कार्यक्रम सोडला नाही, आणि हे नाव कधी कानावर कसं आलं नाही? गोरा असता तर गोष्ट वेगळी होती, त्याची माहिती काढायला पोलीस आहेत, कोर्टाची रेकॉर्ड्स आहेत. आपल्या माणसाची माहिती आपल्याच माणसांना असते, आणि ती नसेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

तिने एडिसनच्या सरला काकूंना फोन लावला. तीस वर्षांत तिथल्या ओक ट्री रोडच्या देशी वस्तीत कोण आलं, कोण गेलं, कुणाचं कुणाशी जमलं आणि कुणाचं फिसकटलं, हे सगळं काकूंना पाठ. मुलीला स्थळ आलं की लोक लग्नाच्या वेबसाइटच्या आधी त्यांना विचारत.

"कारखानीस?" काकूंचा आवाज बदलला. "तो हरणवाला?"

मग कळलं ते असं. वीसएक वर्षांपूर्वी मंडळाच्या पिकनिकला कारखानिसांनी मोठं पातेलंभर मटण करून आणलं होतं. लोकांनी बोटं चाटून खाल्लं, दोनदा-दोनदा मागून घेतलं. शेवटी कुणीतरी विचारलं, मटण कुठून आणता हो? तर हा गृहस्थ म्हणाला, आणत नाही, हरीण आहे, परवाच मारलं. झालं! एक बाई ओकल्या, एकांचा उपास मोडला तो आधीच मोडलेला होता पण आता लक्षात आला, आणि दोन कुटुंबांनी वर्गणी परत मागितली. त्यानंतर कारखानीस मंडळात दिसले नाहीत.

"आणि बायको सोडून गेली म्हणतात," काकूंनी आवाज खाली आणला. "जंगलाच्या कडेला एकटाच राहतो. तुला कशाला हवाय गं तो?"

सुचित्राने विषय बदलला. फसवून खाऊ घालणारा, एकटा राहणारा, बायको सोडून गेलेला, आणि घरात बंदुका. नाव खोडायला एवढं पुरेसं होतं. पण यादीत दुसरं कुणी उरलं नव्हतं आणि सिया रोज सकाळी काही न बोलता दूध-सीरियल खाऊन शाळेला जात होती. ते न बोलणं सुचित्राला सहन होईना. निदान बघून तरी येऊ, म्हणजे नकार द्यायला कारण मिळेल, असा हिशोब करून तिने मार्चमधल्या एका शनिवारी गाडी ससेक्स काउंटीकडे वळवली.

कारखानीस काका अडुसष्ट वर्षांचे, काटकुळे, एका कानात मशीन. औषध कंपनीत केमिस्ट म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चहा केला, तो उत्तम होता, आणि सुचित्राने तो सिया प्यायच्या आधी स्वतः पिऊन बघितला. मग चौकशी सुरू झाली. मूळ गाव कुठलं? पेण. शिक्षण? रुईयातून. इथे कधी आलात? ब्याण्णव साली. मुलं? एक मुलगी, बॉस्टनला. जावई काय करतो? काका प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. सिया लाजेने टेबलाखाली जायच्या बेतात होती.

"आणि काकू?" सुचित्राने शेवटी खडा टाकून पाहिला.

"बॉस्टनला. नातू झालाय. हिवाळाभर तिकडेच असते. इथे फ्रीजर उघडला की तिचं डोकं उठतं."

"आत्ता लावता का फोन? व्हिडिओ?"

आता याला काय म्हणावं? सासरच्या माणसांनीसुद्धा एवढं विचारलं नसतं. पण काकांनी शांतपणे फोन उचलला आणि पडद्यावर तोंडाला दुधाची पावडर फासलेलं एक बाळ आणि मागे एक गोऱ्यापान आजी आल्या. "अहो, तोच शर्ट! चार दिवस झाले!" असं त्या पहिल्याच वाक्याला म्हणाल्या. चार दिवसांच्या शर्टाबद्दल बायकोच ओरडू शकते, तेव्हा तो मुद्दा सुचित्राला निकाली काढावा लागला. फ्रीजरही तिने उघडून बघितला. आत पांढऱ्या कागदात बांधलेल्या पुड्या आणि प्रत्येकीवर सुबक देवनागरीत तारीख आणि नाव होतं. खांदा, मांडी, खिमा.

"आता माझे प्रश्न," काका म्हणाले, आणि खुर्ची सियाकडे वळवली. सुचित्राकडे त्यांनी बघितलंही नाही. "मारलीस तर साफ कोण करणार?"

"मी."

"नुसती जखमी झाली तर?"

सियाने जरा विचार केला. "मी शोधेन. कितीही वेळ लागला तरी."

"आणि दिवसभर बसून काहीच आलं नाही तर?"

"देन आय गेस, आपण घरी येऊ."

काकांनी मान हलवली. चार शनिवार यायचं, बंदूक तिसऱ्या शनिवारी, ही त्यांची अट. स्वतः ते बंदूक घेणार नव्हते. एक मूल, एक बंदूक, आणि ते मुलाला खेटून बसणार.

चारही शनिवारी सुचित्रा फोल्डिंगची खुर्ची टाकून दहा फुटांवर बसली. मांडीवर लॅपटॉप होता, पण डोळे तिकडेच. पहिले दोन शनिवार पोरीच्या हातात नुसती काठी होती. काठी घेऊन चालायचं, बसायचं, काठी खांद्याला लावायची, आणि समोर काय दिसतं ते कुजबुजत सांगायचं. काका पुठ्ठ्याची टर्की कधी झुडपाआड ठेवत, कधी तिथे नुसतं खोरं नाहीतर जुनं जाकीट टांगून ठेवत.

"टर्की आहे," सिया म्हणायची.

"काय आहे ते विचारलं नाही. काय दिसतं ते सांग."

"लाल काहीतरी."

"दाढी दिसते?" नर टर्कीच्या छातीवर केसांचा एक राठ झुपका लोंबतो, त्याला ते दाढी म्हणत. "दाढी नाही, पूर्ण पक्षी नाही, तर बंदूकही नाही. घोड्यावर बोट नाही. तू मनात पूर्ण केलेला पक्षी मला नको."

शिकवतोय तर नीट, हे सुचित्राला दिसत होतं. पण त्यानेच तिचा संशय वाढत होता. एवढी मेहनत कोण फुकट घेतं? पैसे विचारले तर नाही म्हणाले. मिठाईचा डबा नेला तर त्यातली एक काजूकतली घेऊन डबा परत दिला. मग यात यांचं काय आहे? मुलांच्या दिवशी मुलाच्या परमिटवर स्वतःच पक्षी मारून न्यायचा, असले प्रकार चालतात हे तिने कुठेतरी ऑनलाइन वाचलं होतं. चौथ्या शनिवारी तिने सरळ विचारलं.

"काका, तुम्हाला यात काय मिळतं?"

काका बंदुकीची नळी पुसत होते. "मी शिकायला निघालो तेव्हा मला कुणी नेईना. चार वर्षं. क्लबात गेलो की सगळे माझीच चौकशी करायचे. तू कोण, कुठला, तुला बंदूक कशाला हवी. शेवटी एका म्हाताऱ्याने काही न विचारता गाडीत बसवलं." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "एवढंच."

गोष्ट चांगली रचलीये, असं सुचित्राला वाटलं. आणि असं वाटल्याची तिला जरासुद्धा लाज वाटली नाही.

शिकारीच्या दिवसाचं ठरवताना काका म्हणाले, "तुम्हीही चला. आमच्या मागे झाडाला टेकून बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही."

"नो," सिया म्हणाली. "काका, ती आली तर मी येत नाही. शी विल टॉक. ती तुम्हाला प्रश्न विचारेल आणि मला जॅकेट घालायला सांगेल. प्लीज, आई. एक दिवस. जस्ट ट्रस्ट मी फॉर वन डे."

शेवटी असं ठरलं की सुचित्राने रस्त्याच्या कडेला गाडीत थांबायचं, सियाने फोन चालू ठेवायचा म्हणजे तिचा ठिपका आईच्या फोनवर दिसत राहील, आणि दुपारी बाराला शिकारीची वेळ संपली की परत यायचं. "गाडीतून उतरायचं नाही," काकांनी दोनदा बजावलं. "प्रॉमिस?" सियाने विचारलं. सुचित्राने प्रॉमिस केलं. रानात जाणाऱ्यांसाठी काकांनी नियमांचा एक कागद दिला होता. त्यात कुठे सही करून हक्क सोडायची भानगड नाही ना, एवढं तिने बारकाईने तपासलं. कपड्यांबद्दलचा भाग सोडून दिला. आपण तर गाडीत बसणार.

पहाटे पाच वाजता दोघं झाडीत शिरली. थंडी बोचरी होती. सुचित्राने तपकिरी कोट अंगावर ओढला आणि फोन स्टिअरिंगला टेकवून ठेवला. हिरवा ठिपका हळूहळू सरकत होता. साडेपाचला तो थांबला. पावणेसहाला फोनवर अक्षरं आली, लोकेशन उपलब्ध नाही.

तिने फोन बंद करून चालू केला. काही नाही. सियाला मेसेज केला, तो गेलाच नाही. डोंगराआड सिग्नल जातो, हे कुणालाही सुचलं असतं, पण सुचित्राला ते शेवटी सुचलं. त्याआधी बाकीचं सगळं सुचलं. गाडीतून उतरू नका, असं तो दोनदा का म्हणाला? जागा एवढी आत का निवडली? कानात मशीन असलेला माणूस पक्ष्यांचे आवाज कसले ऐकणार? सरला काकू काय म्हणाल्या होत्या? सहा वाजेपर्यंत ती स्वतःला धरून बसली. सहा वाजून पाच मिनिटांनी उतरली.

बाहेर कान गारठवणारी हवा होती. मागच्या सीटवर तिची लाल-पांढरी बांधणीची ओढणी पडली होती. नागपूरच्या मुली स्कूटरवर बसताना गुंडाळतात तशी, फक्त डोळे सोडून, तिने ती डोक्याला आणि तोंडाला घट्ट बांधली आणि झाडीत शिरली. वीस वर्षं झाली स्कूटर सोडून, पण हातांना सवय होती.

उजाडलं होतं. पुढे कुठेतरी टर्कीच्या मादीचा आवाज आला, खरखरीत, तुटक तुटक. हा आवाज तिने चार शनिवार ऐकला होता. काका लाकडाच्या डबीवर पट्टी घासून तो काढत. म्हणजे तिथेच आहेत! ती त्या आवाजाच्या रोखाने निघाली. दिसू नये म्हणून वाकून चालू लागली, मग जवळजवळ रांगायलाच लागली. डोकं वर काढायचं, बघायचं, खाली घ्यायचं. दोन पावलं पुढे. पुन्हा डोकं वर. समोर झुडपांची दाट जाळी होती आणि पलीकडे आवाज थांबला होता. सगळं इतकं शांत झालं की तिला आपलाच श्वास ओढणीत ऐकू येऊ लागला. तिने झुडपाच्या फटीतून बघायला डोकं आणखी थोडं वर केलं.

"हू'ज देअर? स्टॉप!"

सियाचा आवाज होता, पण तसा आवाज सुचित्राने आयुष्यात ऐकला नव्हता. ती उभी राहिली. तीस पावलांवर एका मोठ्या ओकच्या बुंध्याशी सिया बसली होती, काका तिला खेटून, आणि सियाच्या हातातली, आत्तापर्यंत सुचित्राकडे रोखलेली बंदूक आकाशाकडे वळत होती.

"हे काय चाललंय!" सुचित्राच ओरडली, काय करणार, जीभ आधी धावते तिची. "मुलीच्या हातात भरलेली बंदूक आणि तोंड माझ्याकडे! काका, हे शिकवलंत?"

सियाने बंदुकीचा सेफ्टी खटका पुन्हा लावला, एकामागून एक काडतुसं काढली, काकांच्या हातावर ठेवली, आणि मग ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून.

"लाल दिसत होतं," ती हुंदक्यातून म्हणाली. "आणि पांढरं. वर-खाली, वर-खाली. नराचं डोकं अगदी तसंच असतं, आई. खाली ब्राऊन. आय हॅड द सेफ्टी ऑफ. मी ऑलमोस्ट... काकांनी विचारलं, दाढी दिसते? मी म्हटलं नाही. ते म्हणाले, मग नाही. मी म्हटलं, पण तोच आहे, आय नो. ते म्हणाले, नाही."

सुचित्राचा हात डोक्याकडे गेला. ओढणी सोडायला तिला गाठ सापडेना. ती होती तिथेच पाचोळ्यात बसली.

"कागदावर लिहिलं होतं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "लाल, पांढरं घालू नका. आवाजाच्या दिशेने जाऊ नका. पहिल्या दोन ओळी आहेत."

"मी गाडीत बसणार होते," सुचित्रा म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

सियाचं रडणं थांबलं. तिने बाहीला नाक पुसलं. सुचित्राला वाटलं, आता ही म्हणणार, चला घरी. आणि मनातून तिला तेच हवं होतं. घरी जावं, पोरीला जवळ घ्यावं, गरम दूध द्यावं, हा विषय कायमचा संपवावा.

"बारा वाजायला वेळ आहे," सिया म्हणाली. "काका, मला परत बसायचंय."

काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. हात पुढे करायला सांगितले. तिने केले, ते स्थिर होते. मग ते म्हणाले, "तुझी आई आपल्या मागे बसली तर चालेल. पण माझी एक अट आहे. ती हलणार नाही, उठणार नाही, ही खात्री तू द्यायची. तू तिला ओळखतेस. देतेस?"

सुचित्राने सियाकडे बघितलं. बोल ना, आई आहे मी तुझी. सियाही तिच्याकडे बघत होती. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. ती मनापासून विचार करत होती.

"मला माहीत नाही, काका," ती शेवटी म्हणाली. स्वच्छ मराठीत म्हणाली.

सुचित्रा उठली. ओढणी कोटाच्या आत खोचली, आल्या वाटेने परत गेली, गाडीत बसली आणि दार लावून घेतलं. फोन तिने डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. सात वाजले, आठ वाजले. रडून झालं. नऊ वाजले. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी डोंगराच्या बाजूने बंदुकीचा एक बार ऐकू आला. एकच.

तिचा हात दाराच्या खटक्यावर गेला. जे-जे मनात यायचं ते सगळं आलं, एकही गोष्ट यायची राहिली नाही. तिने हात काढून दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले आणि समोरच्या झाडीकडे बघत बसून राहिली. अर्धा तास गेला, आणखी थोडा गेला. मग पुढे सिया आणि मागे, बसून पाय आखडल्याने लंगडत, काका, अशी दोघं बाहेर आली. सियाच्या खांद्यावर पक्षी होता आणि त्याच्या ओझ्याने ती वाकली होती. ती हसत नव्हती की रडत नव्हती. सुचित्रा जागची हलली नाही. सिया गाडीपाशी आली, पक्षी गवतावर ठेवला आणि तिने काचेवर टकटक केली, तेव्हा कुठे सुचित्राने दार उघडलं.